अक्काची मोजणी

नीलव्वाच्या हाताखालून चाळीस वर्षांत किती गोपुरं गेली असतील, देव जाणे. धारवाडात एखाद्या घरी मुलीचं लग्न ठरलं की काळं इरकली लुगडं कसुतीच्या भरतकामासाठी तिच्याकडे यायचं. पदरावर गोपुर, रथ, पाळणा, तुळशीवृंदावन. कसुतीला कापडावर आधी रेघ मारत नाहीत. धागे मोजायचे आणि सुई घालायची. जाताना एकाआड एक टाका, परतताना त्याच वाटेनं मधल्या जागा भरत यायचं. गाठ कुठेही मारायची नाही. कापड उलटं केलं तरी सुलटंच दिसलं पाहिजे.

पण मोजायची नीलव्वा नव्हे. मोजायची तिची थोरली बहीण गौरव्वा, म्हणजे अक्का. लहानपणीच्या तापानं अक्काचा हात कापायचा, सुई धरवायची नाही. डोळे मात्र घारीचे. विधवा होऊन धाकटीकडे राहायला आली ती दारातल्या निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली. तिथूनच तिचा कारभार.

"एक, दोन, तीन, चार, वळ. अगं वळ की! सरळ कुठं निघालीस, हुबळीला?"

अक्का गेली त्याला दोन वर्षं झाली. मातीचं सगळं आटोपल्यावर नीलव्वानं अर्धवट राहिलेला पदर भीत भीत मांडीवर घेतला. हे आता आपल्याला जमायचं नाही, असंच तिला वाटत होतं. सुई टोचली आणि डाव्या कानाशी आवाज आला: एक, दोन, तीन, चार, वळ.

ती दचकली नाही. नेहमीसारखी वळली.

"अत्ती, कुणाशी बोलताय?" सून शिवलीलानं आतून विचारलं.

"बोलत नाही गं. अक्का मोजतीय, मी हं हं करतीय."

त्या दिवसापासून शिवलीला मागल्या दारानं ये-जा करू लागली. निळी खुर्ची दारातच राहिली. तिचा एक हात मोडला होता, तो अक्कानं स्वतः तारेनं बांधला होता. पाहुणा आला तर त्याला चटई मिळे.

असंच चालून गेलं असतं. पण बायकांच्या कसुती केंद्राच्या सुमंगला मेडमनी एक दिवस सगळ्यांसमोर कोरी काळी कापडं ठेवली. बेंगळूरला प्रदर्शन होतं. "प्रत्येकीनं आपल्या मनातलं काढायचं. गोपुर नको, रथ नको, हत्ती नको."

"मेडम, आमच्या आज्यांनी सगळं काढून संपवलंय," नीलव्वाची शेजारीण हसीनाबी म्हणाली. "आता काय गॅसचा सिलिंडर काढू?"

सगळ्या हसल्या. नीलव्वा हसली नाही. सगळ्या गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मला वगळा, मेडम."

"का? हात तर तुमचाच सगळ्यात चांगला. जन्मभर आज्या-पणज्यांचं काढलंत, एकदा तुमचं काढा."

काय सांगणार? अक्कानं जे कधी पाहिलंच नाही, ते ती मोजणार कशी?

आठ दिवस कापड कोरं राहिलं. नवव्या दिवशी दुपारी, भाकरी-शेंगाचटणी खाऊन ती बसली, नजर दारातल्या खुर्चीवर गेली आणि तिथंच राहिली. तिनं सुई ओवली. खुर्चीचा पाय घेतला. कान डावीकडे लागलेला. काही नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा ठोका एवढा मोठा असतो हे तिला त्या दिवशी कळलं. शेवटी स्वतःच तोंड उघडलं: "एक… दोन…" आवाज घोगरा निघाला, परक्या बाईचा वाटावा तसा. सातावर चुकली, उसवलं. पुन्हा सातावरच चुकली.

हसीनाबी डोकावली. "अगं बाई, खुर्ची? असला पदर घेऊन नवरी उभी राहील की बसेल?"

"भिंतीवर लावायचंय ते."

"आणि ती तार? तीसुद्धा काढणार?"

"काढणार."

हसीनाबीनं खुर्चीकडे पाहिलं, मग नीलव्वाकडे, आणि थट्टा तिथंच सोडून ती गेली.

सुई ओवल्यापासून पाचव्या दिवशी ती खुर्चीच्या पाठीपर्यंत पोचली. उन्हं अंगणात होती, शिवलीला मागे धुणं धूत होती. आणि कानाशी, काल बोलल्यासारखं स्वच्छ: एक, दोन, तीन, चार, वळ.

नीलव्वाचे डोळे भरून आले. ती वळली. पुन्हा चार, पुन्हा वळली. हात हलका झाला, सुई पळू लागली. तीन वळणं झाल्यावर तिनं कापड लांब धरून पाहिलं. खुर्चीच्या पाठीला पायऱ्या फुटल्या होत्या. हातानं आपल्या सवयीनं गोपुर उचललं होतं.

आवाज पुढच्या चारासाठी थांबला होता. असंच जाऊ दिलं तर खुर्चीचं गोपुर होईल, प्रदर्शनासाठी मेडमना काहीतरी कारण सांगता येईल, आणि अक्का राहील. तेवढं तिला लख्ख कळलं.

मग तिनं सुईतून दोरा काढला आणि सुईच्या टोकानं टाके उचलू लागली. एकेक टाका निघत होता तसा आवाज लांब जात होता, अंगणातून फाटकाकडे, फाटकातून रस्त्यावर. शेवटच्या टाक्याला एकदाच आला: "वळ." हुकूम नव्हता तो. विनवल्यासारखा होता.

तिनं टाका ओढून काढला.

पुढचे सहा दिवस ती आपल्याच घोगऱ्या आवाजात मोजत राहिली. सुमंगला मेडमनी कापड उलटंसुलटं करून पाहिलं. दोन्हीकडून तीच खुर्ची, तीच तार.

"कोण बसतं हिच्यात?"

"आता कुणी नाही, मेडम."

घरी येऊन तिनं केंद्रातून आलेलं तांबूस काठाचं एक लग्नाचं लुगडं मांडीवर घेतलं. गोपुराचा पहिला टाका घातला आणि थांबली. शिवलीलानं दिवा लावला तेव्हाही तो एकच टाका होता.

दुसऱ्या दिवशी तिनं लुगडं केंद्रात नेऊन परत ठेवलं. "हे हसीनाबीला द्या."

"का? हात दुखतोय?" मेडमनी विचारलं.

"हात बरा आहे. गोपुर काढायला बसलं की वाट बघणं होतं," नीलव्वा म्हणाली. "मला कोरं कापड द्या. त्याच्यावर कुणी येणार नाही, हे आधीच ठाऊक असतं."