झोंबलं की हात वर करा

“तुमचा हा दात आता जिवंत नाही,” असं डॉक्टर म्हणाल्या तेव्हा मी आधी दाताचा विचारच केला नाही. मी बाजूच्या स्टुलावर बसलेल्या अश्विनीकडे पाहिलं. तिचा दात जिवंत होता. एकाच फुगडीत दोघींना लागलं, सगळ्यांदेखत मोडला तो तिचा दात आणि मेला तो माझा.

अश्विनी माझी धाकटी जाऊ. आम्ही लालबागला एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या एका ग्रुपमध्ये आमची फुगडीची जोडी आहे. कार्यक्रमात आमची फुगडी शेवटी ठेवतात, कारण आमच्यानंतर कुणाची बघवत नाही. हे मी म्हणत नाही, ग्रुपमधल्या बायका म्हणतात.

श्रावणाच्या आधी परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम चालू होती. घुमता घुमता अश्विनीचा पाय नऊवारीत अडकला. फुगडीत काही झालं तरी जोडीदारणीचा हात सोडायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. त्या नियमाला आम्ही दोघी इतक्या जागलो की पडतानाही हात सोडले नाहीत. कुणी एकीने सोडला असता तर निदान जमिनीला टेकता आला असता. अश्विनीचं तोंड फरशीवर आदळलं आणि माझं तोंड तिच्या डोक्यावर.

तिच्या वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. सगळा हॉल तिच्याभोवती गोळा झाला. कुणी पाणी आणलं, कुणी तो तुकडा शोधून रुमालात बांधला. माझ्याही ओठातून रक्त येत होतं, पण माझे दात जागेवर होते, त्यामुळे मला कुणी विचारेना. घरी आल्यावर सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. “अगो बाय माझ्या, दात मोडलो गो तिचो!” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुझो जाग्यार आसा मां? मगे झाला!”

झालं कसलं! खरं सांगते, त्या संध्याकाळी मला वाटलं, माझाही एखादा तुकडा पडायला हवा होता.

दादरच्या डेंटिस्टकडे दोघी एकत्रच गेलो. तिच्या दाताला फ्रॅक्चर होतं, पण आतला पल्प उघडा पडला नव्हता. पल्प म्हणजे दाताच्या आतला मऊ गर. त्यात नसा आणि रक्तवाहिन्या असतात आणि दात जगतो तो त्याच्याच जिवावर. डॉक्टरांनी तिला कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, लावून दिलं. दोन-चार दिवसांत बाई पुन्हा हसायला मोकळी.

माझ्या दाताला त्यांनी सबलक्सेशन म्हटलं. म्हणजे दात जागेवर असतो, पण मुळाशी हादरतो आणि थोडा हलतो. शेजारच्या दातांना धरून एक बारीक तार चिकटवली, मऊ खायला सांगितलं, आणि फुगडी बंद.

“माझं तर काहीच मोडलं नाही,” मी म्हटलं.

“तुकडा उडतो तेव्हा बराचसा मार तो तुकडा घेऊन जातो,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमच्या दाताने सगळा मार मुळापर्यंत नेला. तिथूनच रक्तवाहिनी आत शिरते. म्हणून तुमच्याकडे मला जास्त लक्ष ठेवायचंय.”

चला, कुणाचं तरी लक्ष होतं.

तार काढायला गेलो तेव्हा दात आतून जिवंत आहेत का बघायला दोघींची कोल्ड टेस्ट झाली. कापसाच्या छोट्या बोळ्यावर गार फवारा मारतात आणि तो बोळा दाताला लावतात. डॉक्टरांनी सांगितलं, “झोंबलं की डावा हात वर करा.” आधी शेजारच्या धडधाकट दाताला लावला. झोंबणं म्हणजे किती, हे आपल्याला आणि डॉक्टरांनाही कळावं म्हणून. मग मार लागलेल्या दाताला. म्हणजे ही परीक्षा शेजाऱ्याशी तुलना करूनच होते. मला ती लगेच समजली, माझा जन्म त्यातच गेलाय.

अश्विनीचा हात बोळा टेकताक्षणी वर गेला. माझ्या दाताला काही कळलं नाही.

“घाबरू नका,” डॉक्टर म्हणाल्या. “मार लागलेला दात कधी कधी काही आठवडे, अगदी तीन महिनेही उत्तर देत नाही. नस बधिर झालेली असते. आत्ताच रूट कॅनल केलं तर कदाचित जिवंत दातच मारून बसू. थांबू या.”

आणि मी थांबले. श्रावण आला. अश्विनी दुसऱ्या एका मुलीबरोबर फुगडी घालायला लागली आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायला लागले. ग्रुपच्या व्हिडिओत तिचा तो भरलेला दात असा काही चमकायचा की मी आवाज बंद करून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायचे. चूक कुठे होतेय ते शोधत होते. चूक होत नव्हती, हेच मला सोसत नव्हतं.

पुढच्या तपासणीला पुन्हा तेच. आधी अश्विनीची पाळी झाली. खुर्चीवरून उठत ती म्हणाली, “ताई, माझ्या तर पार मेंदूत गेलं गं गार!” या वेळी बोळा टेकला आणि मी हात वर केला. काहीतरी लागल्यासारखं वाटलं होतं, शपथ. डॉक्टरांनी परत बोळा लावला, मी परत हात वर केला.

“हा कोरडा कापूस होता,” डॉक्टर म्हणाल्या.

माझे कान तापले. अश्विनीने खिडकीबाहेर पाहिलं. ती हसली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. डॉक्टर मात्र रागावल्या नाहीत. पुष्कळ पेशंटचं असं होतं, म्हणाल्या. ओठाला, हिरडीला गारवा लागतो, किंवा नुसत्या आशेनेच हात वर जातो. म्हणून ही पाळी ज्यांच्यावर येईल त्यांना सांगते, तिथे पास व्हायला जाऊ नका. नाही कळलं तर नाही कळलं म्हणा.

आणखी एक चूक मी केली. दात दुखत नाही म्हणजे बरा आहे, असं धरून चालले. गणपतीत घरी सगळ्यांना गार कोकम सरबत दिलं. अश्विनी पहिल्याच घोटाला “आई गं!” म्हणून गाल धरून बसली. मी ऐटीत सगळा पेला संपवला. मनात म्हटलं, घ्या, शेवटी माझाच दात दणकट निघाला. त्याच दिवशीच्या फोटोत माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा दिसलं. “तुझा हा दात करडा पडलाय का गं?”

मी आरशासमोर गेले. मेला दात खरंच करडा दिसत होता. आमच्या घरात पंख्यापासून फोनपर्यंत सगळ्यालाच ‘मेला’ म्हणतात, त्यामुळे मला त्या शब्दाचं काही वाटलं नाही.

तीन महिने उलटल्यावर डॉक्टरांनी सगळं पुन्हा तपासलं. गार बोळा: काही नाही. इलेक्ट्रिक पल्प टेस्टर, म्हणजे दाताला बारीकसा करंट देऊन मुंग्या येतात का बघायचं यंत्र: शेजारच्या दाताला मुंग्या, माझ्या दाताला काही नाही. तोंडात बघायच्या छोट्या आरशाच्या दांड्याने दातावर टकटक केली तेव्हा आत खोलवर दुखलं. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळसर सावली होती.

“एका खुणेवर मी कधी दात उघडत नाही,” त्या म्हणाल्या. “नुसता रंग बदलला तर तो परतही येऊ शकतो. नुसतं उत्तर देत नसेल तर वाट बघता येते. पण तुमच्यात सगळ्या खुणा जुळल्या. याला पल्प नेक्रोसिस म्हणतात, म्हणजे आतला गर मेला. आता थांबलो तर मुळाभोवतीचं हाड झिजेल आणि दातच हातचा जाईल.”

तेव्हाच मी अश्विनीकडे पाहिलं. आणि मला रडू आलं. दातासाठी की तिच्यावरच्या रागासाठी, ते अजून सांगता येत नाही. तिने येऊन माझा हात धरला. मी सोडवून घ्यायला बघितला, पण ती फुगडीवाली. तिने काही सोडला नाही.

रूट कॅनल झालं. मेलेला गर काढून आतली पोकळी साफ करतात आणि भरून बंद करतात. मी समजत होते तेवढा त्रास झाला नाही. मुळाशी हाड पुन्हा भरायला लागलंय हे एक्स-रेत दिसलं, तेव्हा डॉक्टरांनी इंटर्नल ब्लीचिंग केलं. म्हणजे दाताच्या आत औषध ठेवून तो आतून उजळवतात. दोन-तीन खेपांत करडेपणा गेला. दात माझ्याच तोंडात राहिला. ज्या डॉक्टरबाईंनी घाई केली नाही आणि नंतर उशीरही केला नाही, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हाला मार लागला तर तुकडा पडलाय की नाही यावर जाऊ नका. दाखवा, आणि प्रत्येक तपासणीला जा.

स्वभाव काही आतून उजळवता येत नाही. पण एक कळलं. जे झोंबतं ते जिवंत असतं. अश्विनीचं कौतुक मला आजही झोंबतं आणि मी आता ते लपवत नाही. आता आमची जोडी पुन्हा घुमते. परवा तालमीनंतर तिला सरळ सांगून टाकलं, की तू त्या मुलीबरोबर घुमायचीस तेव्हा माझा जळफळाट व्हायचा.

तिने मला दिव्याखाली ओढून नेलं, ओठ वर करायला लावला आणि दात नीट निरखला. तिच्या दाताचं भरण चहा-हळदीने पिवळट पडलंय, हे माझ्याही त्याच वेळी लक्षात आलं.

“ताई,” ती म्हणाली, “तुझा मेलेला दात माझ्या जिवंत दातापेक्षा पांढरा दिसतो गं.”

“झोंबलं?” मी विचारलं.

अश्विनीने डावा हात वर केला.