खालून आलेला उजेड

पिक्चरमधला दुष्ट माणूस मी डोळे मिटून ओळखायचे. तेव्हा मला ती माझी विद्या वाटायची. गावात कुणाला पोथी यायची, कुणाला शिवण यायचं, मला राक्षस ओळखता यायचे.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. आमचं गाव पोंभुर्ण्याच्या बाजूचं. धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की फिरती टॉकीज यायची. धसकटांवरच तंबू ताणायचे आणि मधोमध पडदा बांधायचे. पुढच्या बाजूला पुरुष आणि पडद्यामागे आम्ही बायका. मागून सगळं उलटं दिसतं, त्यामुळे आमच्या बाजूचा प्रत्येक राजपुत्र डावखुरा असायचा. शूर माणसं डाव्या हातानेच तलवार चालवतात, असं मी कितीतरी दिवस धरून चालले होते. यावरून माझ्या विद्येची खोली कळावी.

जास्त करून जादूचे पिक्चर यायचे. तेलुगूतून हिंदीत आणलेले, ओठ एक बोलतायत आणि आवाज दुसराच येतोय असे. त्यात एक मांत्रिक, एक गुहा, कोंडलेली राजकन्या आणि तिला सोडवायला निघालेला आमचा डावखुरा. माझे वडील टपालखात्यात होते आणि छप्पन सालची दीक्षा त्यांनी नुसती घेतली नव्हती, ती ते रोज पाळत होते. घरात देव नाही, भूत नाही, नजर लागणं नाही. पिक्चरला मात्र त्यांनी कधी अडवलं नाही. एवढंच म्हणायचे, "जाय. पण विज्ञानाच्या दृष्टीनं पाह्यजो."

मी आज्ञाधारक. विज्ञानाच्या दृष्टीनं पाहिलं आणि नियम काढले.

चांगल्या माणसावर उजेड वरून किंवा मागून येतो, केसांच्या कडा सोन्यासारख्या पेटतात. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो, हळूहळू जवळ जातो, आणि मागे बासरी किंवा लहानशी घंटी. दुष्टाचं उलटं. उजेड जमिनीवरून वर येतो, बहुतेक हिरवा. हनुवटी उजळते, नाकपुड्यांची भुयारं होतात, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. कॅमेरा त्याच्या पायाशी निजलेला, म्हणून तो ताडाएवढा. सावली त्याच्याहून मोठी आणि त्याच्या आधी भिंतीवर चढलेली. आणि आवाज! लांबून कुणी मोठा ढोल ओढत आणतंय असा घुमणारा, पोटात उतरणारा आवाज. भोंग्याचा डबा बायकांच्याच बाजूला असायचा. ढोल सुरू झाला की खालची माती थरथरायची. मी डोळे मिटून शेजारच्या आत्याला सांगायचे, "आला." आणि तो आलेला असायचा.

आत्या म्हणजे वडिलांची बहीण. लवकर विधवा झाली तेव्हापासून आमच्याचकडे राहायची. पिक्चरला माझी सोबत तीच. तिला राजपुत्राशी देणंघेणं नव्हतं. मांत्रिकाचं झुंबर कोण पुसत असेल, गुहेत स्वयंपाक कोण करत असेल, असले प्रश्न ती विचारायची.

एका पिक्चरमध्ये एक राणी होती. गोरी, हसरी, देवळातल्या घंटीसारखं बोलणारी. एका दृश्यात ती पाठ फिरवून परत वळते आणि चेटकीण झालेली असते. साडी तीच, दागिने तेच, बाई तीच. फक्त उजेड डोक्यावरून पायाशी गेला होता आणि घंटी थांबून ढोल सुरू झाला होता. अक्कल असलेल्या मुलीने इथेच ओळखलं असतं की करामत उजेडाची आहे. मी काय शिकले? मी शिकले की माणसाचं खरं रूप खालच्या उजेडात दिसतं. वरचा उजेड लबाड, खालचा उजेड प्रामाणिक. असा निष्कर्ष काढायला अकरावी पास व्हावं लागतं. आत्या दुसरी शिकलेली होती, तिला तो जमला नसता.

तर अशी विदुषी मी, आणि मला पाहायला पाहुणे आले.

मुलगा शिक्षक होता. नोकरी पार गडचिरोलीच्या आत, हेमलकशाच्याही पुढे, पावसाळ्यात नदी भरली की रस्ता बंद होणाऱ्या गावात. आईला तेच खुपत होतं. "पोरगी जंगलात देऊन राह्यले," म्हणून ती आठवडाभर पदर डोळ्याला लावत होती. वडिलांनी मला समोर बसवून सांगितलं, "पोरगा शिकला हाय, दारू पीत नाई, हुंडा मागत नाई. पण तुले पसंत असन तरच. तू नाई म्हटलं तं मी दुसऱ्यांदा इचारणार नाई." ते शब्दाचे पक्के. माझं नाही म्हणजे नाही आणि माझं हो म्हणजे सगळं आयुष्य त्या नदीपलीकडे. आणि हे ठरवायला माझ्याकडे होते राक्षस ओळखायचे नियम.

दुपारी यायचे ते पाहुणे गाडी बिघडल्याने दिवेलागणीला आले. मुलगा, त्याचे वडील आणि एक काका. ते चपला काढतात न काढतात तोच लाइन गेली. आईने कंदील लावून खोलीच्या मधोमध जमिनीवर ठेवला. पाहुण्यांना शेजारून आणलेल्या लोखंडी खुर्च्या, मला त्यांच्यासमोर खाली चटई. मुलीने चटईवर बसायचं, मान खाली घालायची आणि जमलंच तर पापण्यांखालून वर बघायचं, हीच तेव्हाची रीत. सगळीकडे असंच बसवायचे.

आता बघा. मी चटईवर, म्हणजे कॅमेरा पायाशी. कंदील जमिनीवर, म्हणजे उजेड खालून. मी चहाचा कप देताना हळूच वर पाहिलं आणि माझं रक्तच गोठलं. हनुवटी उजळलेली. नाकपुड्या भुयारासारख्या. डोळ्यांच्या जागी खड्डे. त्याचे कान जरा बाहेर आलेले होते, त्यांची सावली मागच्या भिंतीवरून आढ्यापर्यंत गेली होती, दोन शिंगांसारखी.

त्यात आमच्या घराला लागून धानाची गिरणी. हंगाम होता, तिचं तेलावरचं इंजिन चालू होतं. ढब्, ढब्, ढब्. चटईखालची जमीन थरथरत होती.

त्याच्या वडिलांनी शिक्षण विचारलं, काकांनी स्वयंपाक विचारला. मग काका मुलाकडे वळून म्हणाले, "तुले काई इचारायचं असन तं इचार गा."

मुलगा पुढे वाकला. तोंड कंदिलाच्या आणखी वर आलं. सर्दीने त्याचा घसा पार बसला होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की गुहेतून यावा तसा घोगरा, जाड आवाज आला,

"तुमाले... जंगलाचा भेव लागते काय?"

मी उठले ती सरळ चुलीपाशी. आईला म्हणाले, "मले नाई करायचं."

आई डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं वं बाई," आणि लगेच आणखी रडायला लागली, कारण मुलगा तिला आवडलाही होता. वडील आत आले. मी मान हलवली. त्यांचा चेहरा पडला. शेवटची गाडी निघून गेली होती, पाहुणे मुक्कामाला होते. सकाळी चहा झाल्यावर सांगू, एवढं म्हणून ते बाहेर गेले.

आत्या भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "काऊन वं नाई?"

"तो दुष्ट हाय."

"काय केलं त्यानं?"

"केलं काईच नाई. पण मले दिसला. खालच्या उजेडात खरा माणूस दिसते."

आत्याचे हात थांबले. माझ्याबरोबर तिने ते सगळे पिक्चर पाहिले होते, त्यामुळे तिला पुढचं सांगावं लागलं नाही. ती उठली, पिठाच्या हाताने माझा दंड धरून मला कोपऱ्यातल्या आरशासमोर उभं केलं आणि चुलीजवळची चिमणी उचलून माझ्या हनुवटीखाली धरली.

"पाह्य."

आरशातून एक चेटकीण माझ्याकडे बघत होती. दातसुद्धा हिरवट वाटत होते.

"आता सांग, तुले कोनं करावं?" आत्या म्हणाली. "माह्या भावानं उद्या तुले विहिरीत लोटावं काय?"

मी चिमणी फुंकली. अंधार झाला म्हणून आई ओरडली.

रात्र कशीबशी काढली. उजाडता उजाडता शेणाचा पो घेऊन मागच्या दाराने अंगणात आले, तर कुंपणापाशी तो दात घासत उभा. सूर्य नेमका त्याच्या डोक्यामागे. केसांच्या कडा सोन्यासारख्या पेटलेल्या. थंडीत जमिनीवरून धुकं उठत होतं, त्यात त्याचे पाय दिसत नव्हते. आणि त्याच वेळी गुराखी जनावरं घेऊन निघाला. गळ्यातल्या घंट्या किणकिणत गेल्या.

शेण तिथेच टाकून मी आत पळाले. "आत्या, मले करायचं!"

आत्याने कपाळाला हात लावला. "अवं येडी काय तू! रातच्याले कंदील, सकाळी सूर्य. दुपारी ढग आले तं काय म्हनशीन? त्या बिचाऱ्याचं तोंड कवा पाह्यशीन?"

हे ती जरा मोठ्याने बोलली, आणि वडील दारातच उभे होते. त्यांनी सगळं विचारून घेतलं. मांत्रिक, हिरवा उजेड, भिंतीवरची शिंगं, सगळं मी सांगितलं. विज्ञानाच्या दृष्टीनं पाहायला पाठवलेली आपली मुलगी काय शिकून आली हे त्यांना त्या सकाळी कळलं. आता ओरडणार, म्हणून मी भिंतीला चिकटले. पण ते चटईकडे बघत राहिले. अजून तिथेच अंथरलेली होती ती.

"चूक माही हाय," ते म्हणाले. "बरोबरीची भाषणं मी कराची, आन् पोरीले खाली बसवाचं."

बाहेर जाऊन त्यांनी दोन खुर्च्या अंगणात मांडल्या, समोरासमोर, सारख्या उंचीच्या. दुसरी खुर्ची मुलाच्या वडिलांची होती, ते मुकाट्याने बाजेवर सरकले. ऊन तोवर चांगलं वर आलं होतं, सगळीकडे सारखं पसरलेलं. गिरणी अजून बंदच होती.

मी बसले. मान वर केली. आणि पहिल्यांदा त्याला पाहिलं.

राक्षस नव्हता. राजपुत्रही नव्हता, हे जरा लागलं, खोटं कशाला सांगू. रंग सावळा, गालावर देवीचा एक व्रण, कान खरंच बाहेर आलेले, नाक शेंबडाने लाल. रुमाल हातात चुरगळलेला. हा माणूस उद्या एसटीत शेजारी बसला असता तर मी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं.

तोही माझ्याकडे बघत होता, जरा चकित होऊन.

"तुमी तं मोठ्या हा," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"रातच्याले वरून नुसता भांग आन् कपाळ दिसे. मले वाटलं सातवीतली पोट्टी चटईवर आणून बसवली. मी बाबाले सांगून ठेवलं का हे मले जमत नाई. लहान पोरीशी लगन करनं पाप हाय."

म्हणजे नाही तिकडूनही येणारच होतं! मी रात्रभर ज्याच्यापासून जीव वाचवत होते, तो स्वतःपासूनच मला वाचवत होता. मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावला तरी आवाज बाहेर गेलाच. मग मी धीर करून विचारलं, "जंगलाचं काऊन इचारलं होतं?"

त्याने नाक पुसलं. "मलेच लागते भेव. पह्यल्या वर्षी अंधार पडला का मी दाराच्या बाहेर निंगत नव्हतो. तुमालेबी लागत असन तं आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणून इचारलं."

"लागते," मी म्हणाले. "लय लागते."

"मंग जमते," तो म्हणाला, आणि असा शिंकला की अंगणातल्या कोंबड्या कुंपणापर्यंत पळाल्या.

छातीवर रात्रीपासून कुणी जातं ठेवलं होतं, ते उचलून नेल्यासारखं झालं. ढोल नाही, बासरी नाही, त्याच्या तोंडावर कुठून कसलाच खास उजेड नाही. मला पुन्हा पुन्हा बघावंसं वाटत होतं आणि दरवेळी तो तसाच दिसत होता, एवढंच.

बाजेवरून त्याचे वडील आणि दारातून माझे वडील, दोघेही दुसरीकडे बघत असल्याचं सोंग करत होते. दुसऱ्यांदा विचारणार नाही हा शब्द माझ्या वडिलांनी पाळला. खाकरले तेवढे बऱ्याच वेळा.

मी उठून आत गेले. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती, पाहुण्यांना वाटेत खायला भाकरी बांधत.

"सोड ते," मी म्हणाले. "जेवूनच जातीन ते. भात जास्त टाक."

आईने वळून माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे. आत्या आधीच तांदूळ निवडायला बसली होती.