पाचव्या पुस्तकातली किटली

नेरिस प्रोबर्टसारख्या बाईने भांडावं कुणाशी, तर फोनमधल्या परक्या लोकांशी, आणि तेही एका किटलीवरून! आमच्या खोऱ्यात कुणाला खरं वाटलं नसतं. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली बाई ती. मटार नको म्हणणाऱ्या पोराच्या ताटात मटार वाढून वर त्यालाच हसवणारी. तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

झालं असं की तिचा थोरला भाऊ एमलिन टेकडीवरच्या हॉस्पिटलात पडून होता. तरुणपणी कोळशाच्या खाणीत उतरला, ती धूळ छातीत बसली ती बसलीच. हा हिवाळा काही निघायचा नाही, असं डॉक्टरांनी नेरिसला बाजूला घेऊन सांगितलं. एमलिनला कुणी सांगितलं नाही, पण तो काय खुळा होता? एके दिवशी म्हणाला, "नेर, ती बगळ्याची पुस्तकं वाचून दाखव की. लहानपणी मी तुला वाचली, आता तुझी पाळी."

बगळ्याची पुस्तकं म्हणजे एकच गोष्ट, पाच भागांत. दलदलीचा राजा तालवेन नावाच्या मुलीच्या आईला बगळा करून टाकतो आणि पोरगी तिला सोडवायला निघते. नेरिस सात वर्षांची असताना त्यांची आई कित्येक महिने हॉस्पिटलात होती. बाप खाणीत. तेव्हा अकरा वर्षांच्या एमलिनने खाणकामगारांच्या वाचनालयातून ती जाडजूड पुस्तकं आणून बहिणीला वाचून दाखवली. नेरिसने स्वतः ती कधी उघडलीच नाहीत. एमलिनचा आवाज म्हणजेच तिचं पुस्तक.

पुस्तकं फोनवरून मागवता मागवता तिला लहानपणीची पुस्तकं पुन्हा वाचणाऱ्यांचा एक ग्रुप सापडला. हिवाळाभराचं चॅलेंज होतं, चालवणारी कॅनडातली कोरिन नावाची बाई. नियम मजेदार. पुस्तक उघडण्याआधी आपल्याला काय आठवतंय ते सगळ्यांसमोर लिहायचं, मग वाचायचं, मग खरं काय निघालं ते कबूल करायचं, आणि तेव्हाच त्या पुस्तकावर खूण करायची. नेरिस दुपारी भावाला वाचून दाखवायची आणि घरी येऊन लिहायची. चार पुस्तकं झोकात पार पडली. एमलिन दिवसेंदिवस खंगत होता, आणि पाचवं त्याच्या कानांवर घातल्याशिवाय त्याला जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

पाचव्याच्या आधी तिने मोठ्या ऐटीत लिहिलं, "शेवटचं पान मला तोंडपाठ आहे. बगळा उंबऱ्यावर पिसं उतरवतो, आई घरात येते, चुलीवर किटली ठेवते आणि तालवेनला म्हणते, मोजे ओले करून आलीस ना पुन्हा? काढ आधी!"

झालं! ग्रुपवर हसण्याचा नुसता पूर. "किटली? अहो, त्या राज्यात चहाच नाही!" "मोजे कुठले? तालवेन पहिल्या पानापासून अनवाणी आहे, बाई." एकाने तर विचारलं, नक्की वाचलंय का तुम्ही? नेरिसचं डोकं फिरलं. "तुमच्याच पुस्तकांची पानं गळली असतील!" असं लिहून तिने फोन उपडा टाकला.

दुसऱ्या दिवशी तिने हे सगळं तिखटमीठ लावून एमलिनला सांगितलं. तो खोकला येईपर्यंत हसला. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पाचवं राहू दे, नेर."

"का रे?"

"नुसतं लांबण लावलंय त्यात. पहिलंच घे पुन्हा."

"वा रे वा! इतकं आणून शेवटाला सोडू होय?"

"सोड म्हटलं ना!"

एमलिन तिच्यावर कधी खेकसत नसे. ती घरी आली, कोटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात बसली आणि पाचव्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं.

बगळा उंबऱ्याशी येतो. तालवेनकडे बघतो. तिला ओळखत नाही. थव्याबरोबर उडून जातो आणि मुलगी दार लावून घेते. किटली नाही, मोजे नाहीत, आई नाही.

आधी तिला रागच आला. जन्मभर मला फसवलं मेल्याने! मग मोजे आठवले. ओढ्यात खेळून आलं की दारातच ऐकू यायचं ते वाक्य. ते पुस्तकातलं नव्हतंच, त्यांच्या आईचं होतं. आणि मग ती दुपारही आठवली. बाप भर पाळीत घरी आलेला, शेजारच्या बोपा लिल (शेजारच्या मावशीला आमच्याकडे बोपा म्हणतात) खाली एप्रनमध्ये तोंड खुपसून बसलेल्या, आणि एमलिन तिला ओढत माडीवर नेऊन, दार लावून, मोठमोठ्याने शेवटचं प्रकरण वाचतोय. आई गेल्याचं बोपा लिलनी नेरिसला मांडीवर घेऊन सांगितलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

ती टेबलावर डोकं ठेवून खूप रडली.

दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन ती एमलिनच्या खाटेशी बसली. "तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "वाचत होतास तेव्हा आई गेल्याचं तुला ठाऊक होतं."

एमलिनने पांघरूण छातीवर ओढून घेतलं. "बाबा म्हणाले, आज पोरीला कळू देऊ नकोस. आणि तू शेवट वाच म्हणून मागे लागलीस. शेवट तर तो तसला. काय करणार होतो मी?" त्याला धाप लागली. "दुसऱ्या दिवशी तू मला म्हणालीस, पण पुस्तकात तर आली ना ती परत? तेवढं काही डोक्यातून गेलं नाही बघ. फसवलं मी तुला."

"गप रे. अकरा वर्षांचं पोर तू! त्या किटलीवरच तर मी वाढले. तुला जवळ घ्यायला कोण होतं तेव्हा?"

एमलिनचे डोळे भरले होते. ते पुसत म्हणाला, "वाच आता. छापलंय तसं. एकदा खरं काय ते होऊन जाऊ दे."

नेरिसने चष्मा लावला. शेवटचं प्रकरण ती शब्द न शब्द वाचत गेली. दलदल ओलांडली, थवा आला, बगळा उंबऱ्याशी उतरला. तिथे तिने पुस्तक मिटलं. ग्रुपवर पाचव्यावर खूण नाही झाली तर नाही झाली! तिने भावाचा हात हातात घेतला.

"बगळ्याने उंबऱ्यावर एकेक पीस उतरवलं," ती म्हणाली. "आणि आई घरात आली. तिने चूल पेटवली, किटली ठेवली..."

एमलिनचे डोळे मिटलेले होते. त्याने तिची बोटं दाबली.

"मोजे," तो पुटपुटला. "मोजे राहिले, नेर."

"राहिले नाहीत रे राजा," ती म्हणाली. "येतंयच ते. ती आत्ता वळून तुझ्या पायांकडे बघतेय."