मॅल्कम ‘नो’ म्हणाला

मॅल्कम वाईट पोरगा नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर लोक तोंडाला येईल ते बोलले. बोलणाऱ्यांनी त्याच्या जागी उभं राहून बघावं.

दोह्याच्या नजमा भागातल्या त्या बिल्डिंगमध्ये वसईची बरीच घरं, पण डॉक्टर व्हायला निघालेला हा एकटाच. कॉलेज दोह्यातलंच. एवढंसं, शिपायापासून प्रोफेसरपर्यंत सगळे पोरांना नावाने हाक मारणारे. तिथे प्री-मेड म्हणजे नुसती केमिस्ट्री-बायोलॉजी नाही. तत्त्वज्ञान घ्या, कविता घ्या, मातीची भांडी करा, मग पुढे मेडिकल. वरच्या मजल्यावरच्या जोस्लीन आंटीला हे काही केल्या पटेना.

"डॉक्टरला कविता कशाला रे? इंजेक्शन टोचताना म्हणणार?"

"माणूस समजायला, आंटी."

"माणसं मला समजतात. माझा गुडघा समजत नाही. तो बघ."

आणि मॅल्कम गुडघा बघायचा. त्याला काय कळतंय? पण शेजारी डॅडी उभे असायचे, स्वतःच गुडघा बरा केल्यासारखे. मग नाही कसं म्हणणार.

डॅडी म्हणजे आल्फ्रेड. उत्तरेला गॅसच्या प्लांटवर क्रेन चालवायचे. मोठी क्रेन, वरच्या केबिनमधून खालची माणसं मुंग्यांएवढी दिसतात. मॅल्कमचा कतारचा व्हिसा त्यांच्याच नावावर. बाप कामावर, तर पोरगा कॉलेजात. एवढा सरळ मामला.

जानेवारीत चर्चमधला शुक्रवारचा मिस्सा आटोपून वसईवाले समैस्माच्या बीचवर पिकनिकला गेले. आल्फ्रेड शेगडीवर मासे भाजत होते. मॅल्कमची आई, लिझी, बायकांच्या घोळक्यात होती, बाकीचे पाण्यात. डॅडींच्या हातातला चिमटा पडला आणि ते बसल्या जागी आडवे झाले. डोळे उघडे, पण आत कोणी नाही. मॅल्कमने हात धरला, नाडी शोधली, सापडली नाही, परत शोधली. तेवढ्यात डॅडी उठून बसले.

"ऊन लागलं," ते म्हणाले.

"जानेवारीत?"

"मम्मीला सांगू नको. मासा उलट, जळतोय तो."

मॅल्कमने मासा उलटला.

पुढच्याच आठवड्यात कंपनीची वर्षाची मेडिकल आली. क्रेनवाल्यांना ती पास व्हावीच लागते. आल्फ्रेड मुशैरिबच्या क्लिनिकमध्ये पोराला बरोबर घेऊन गेले. डॉक्टर महमूद, इजिप्तचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्याने पहिला प्रश्न विचारला तसं आल्फ्रेडनी मॅल्कमला कोपराने ढोसलं. "तू बोल. तू डॉक्टर ना?" त्यांना इंग्लिश येत नव्हतं असं नाही, मोडकंतोडकं यायचं. पण पोराच्या तोंडून ऐकायला आवडायचं त्यांना.

"प्री-मेड?" महमूदने विचारलं. त्याला बरं वाटलं असावं. मग तो आल्फ्रेडकडे बघायचाच थांबला, मॅल्कमशीच बोलायला लागला, आपल्या बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसा. छातीत दुखतं? धाप लागते? मॅल्कम सांगत गेला.

"कधी चक्कर? शुद्ध हरपली होती? मी का विचारतोय ते तुला कळतंय."

आल्फ्रेड मराठीत, अगदी हळू म्हणाले, "नको."

मॅल्कम म्हणाला, "नो."

छातीला वायरी लावून कागद काढला, त्यात त्या दिवशी काही दिसलं नाही. महमूदने सही केली, शिक्का मारला. बाहेर आल्यावर आल्फ्रेड म्हणाले, "यल्ला, चल, शावरमा खाऊ. काय फाडफाड बोलतोस रे तू." मॅल्कमने शावरमा खाल्ला.

कॉलेजात मग लक्ष लागेना. गोल टेबलाभोवती बसून चर्चा चालायची, रुग्णाचं हित, डॉक्टरचा खरेपणा. एरवी सगळ्यांत जास्त बोलणारा मॅल्कम आता पेनचं टोपण चावत बसायचा. बापासाठी खोटं बोललो, असं तो स्वतःला सांगायचा. ते त्याला स्वतःलाच पटायचं नाही. डॅडी क्रेनवरून उतरले तर नोकरी जाईल, व्हिसा जाईल, कॉलेज सुटेल. ‘नो’ म्हणताना त्याला बाप दिसलाच नव्हता, कॉलेजचं गेट दिसलं होतं.

कसंतरी रेटलं त्याने. मग एका शुक्रवारी नसरुद्दीन जेवायला आला. बिहारचा माणूस, आल्फ्रेडच्या क्रेनखाली रिगर. म्हणजे हुकाला माल बांधायचा आणि इशारे द्यायचे, हे त्याचं काम. ताटातलं कोंबडीचं भुजिंग संपवत तो मॅल्कमला म्हणाला, "डॉक्टर साब, बाकी ऑपरेटर हो तो एक आँख ऊपर रखता हूँ. आल्फ्रेड भाई बैठे हों तो ऊपर देखता ही नहीं मैं."

आल्फ्रेड हसले. "और मुर्गी ले."

नसरुद्दीन गेल्यावर मॅल्कम किचनमध्ये डॅडींसमोर उभा राहिला. "तुम्ही जाऊन डॉक्टरला खरं सांगा. नाहीतर मी सांगतो."

"वेडा झालास? मी घरी बसलो की तू पण वसईला. कळतं का?"

"कळतं. म्हणूनच ‘नो’ म्हटलं. तुमच्यासाठी नाही म्हटलं, डॅडी. माझ्यासाठी."

आल्फ्रेडनी ताट सिंकमध्ये ठेवलं. "मग? मी पण तुझ्याचसाठी ‘नको’ म्हटलं."

ते ऐकून मॅल्कमला जास्तच जड झालं. पण सकाळी उठून तो क्लिनिकला गेला, एकटाच. महमूदने सगळं ऐकलं आणि ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी तुला विचारलं कारण तुला कळतं," एवढंच म्हणून त्याने कंपनीला फोन लावला.

दुपारच्या आत आल्फ्रेडना क्रेनवरून उतरवलं. कंपनीच्या गाडीतून त्यांना क्लिनिकला घेऊन आला तो नसरुद्दीनच. सकाळपासून तिथेच थांबलेला मॅल्कम आत शिरायला लागला तर आल्फ्रेडनी हात आडवा केला.

"तू बाहेर बस. मी बोलतो."

दार नीट लागलं नव्हतं. महमूदचा तोच प्रश्न बाहेर ऐकू आला. मग डॅडींचा आवाज, एकेक शब्द जुळवत. "यस सर. टू टाइम. वन टाइम बीच." खुर्ची करकरली. "वन टाइम अप. इन क्रेन. आफ्टर युवर स्टॅम्प."

शिक्क्यानंतर. म्हणजे मॅल्कमच्या ‘नो’नंतर.

तेवढ्यात नसरुद्दीन गाडी लावून वर आला आणि बाजूला बसला, आतलं त्याने ऐकलं नव्हतं. त्याने मॅल्कमच्या पाठीवर थाप मारली. "आप हो ना साथ में, सब ठीक होगा, इन्शाल्ला."

"नसरुद्दीन भाई, डॅडी ऊपर बेहोश हुए थे. क्रेन में."

"कब?"

"मेडिकल के बाद. बीच पे भी हुए थे, उसके पहले. वो मुझे मालूम था. डॉक्टर ने पूछा, मैंने ना बोला."

नसरुद्दीनने थाप मारलेला हात काढून घेतला. मग उठला आणि पार पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसला. निघून मात्र गेला नाही.

आल्फ्रेड बाहेर आले तेव्हा नसरुद्दीनने पुढे होऊन त्यांचं कोपर धरलं, सांभाळून लिफ्टकडे नेलं. मॅल्कमकडे बघितलंसुद्धा नाही. मॅल्कम मागून चालत राहिला.