मळकं तोंड, सोन्याची पट्टी

धानोऱ्याच्या आशा सेविका प्रमिलाबाईंना गावातलं तोंडन्‌तोंड पाठ. कुणाची दाढ किडलीय, कुणाच्या हिरड्या सुजल्यात, सगळं. त्यांच्या सख्ख्या मोठ्या जावेच्या, शांतीबाईच्या, गालात तीन महिने पांढरा चट्टा होता, आणि दवाखान्याचं नाव काढलं की ही बया अंगावर धावून यायची.

तेवढ्यात एका कॉलेजची माणसं कॅन्सर ओळखायची नवी पट्टी घेऊन गावात आली. पट्टीत सोन्याचे कण, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. लाळेत कॅन्सरच्या पेशींची खूण असली की ते तिला चिकटतात आणि तांबडी रेघ उमटते. अट एकच, सकाळपासून तोंडात पाणीसुद्धा नको. सोन्याचं नाव ऐकून शांतीबाई लगेच तयार. आता बोला!

रेघ काही उमटली नाही. शांतीबाईने आनंदाने शिरा केला. प्रमिलाबाई खायला बसल्या, अन् वाटी घेताना त्यांना जावेचं बोट दिसलं. तंबाखूच्या मिसरीने काळंभोर.

"अक्का, सकाळी मिसरी घसेल व्हती का?"

"मंग! चार डाव चूळ बी भरी. डॉक्टरसमोर मळकं तोंड लई जाऊ का?"

प्रमिलाबाईंनी हातातला घास परत वाटीत टाकला. सगळी लाळ तर मोरीत गेली! घर खुशीत होतं, गप्प बसणं सोपं होतं. पण चट्टा गप्प बसणार होता का? त्यांनी वाटी खाली ठेवली. "परत लाळ देनी पडी."

शांतीबाईने शिव्यांची लाखोली वाहिली. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत प्रमिलाबाई तिच्या घरात, मिसरीची डबी स्वतःच्या कमरेला खोचून. या वेळी रेघ उमटली, ठसठशीत तांबडी.

मग मोठ्या दवाखान्यात चट्ट्याचा तुकडा काढून तपासला. कॅन्सरच होता, पण इवलासा. डॉक्टरांनी वेळेवर कापून टाकला. आता शांतीबाई ठेच्याशी कळण्याची भाकरी मजेत हाणते. जावेशी मात्र आठ महिने अबोला. भरल्या घरात शिऱ्याची वाटी खाली ठेवली म्हणून! प्रमिलाबाईंना ते फार लागायचं.

परवा पट्ट्या पुन्हा आल्या. प्रमिलाबाई बायकांना बोलवायला निघाल्या, तर गल्लीत आधीच कालवा. शांतीबाई दारोदार फिरून मिसरीच्या डब्या हिसकावून पदरात टाकत होती.

"आज तोंड धुवानं नही! जसं शे तसंच लई चला!"

मग ती वळली. "देखी काय ऱ्हायनी वं, प्रमिला? पदर पसार. मन्हा पदरमा जागा नही."

प्रमिलाबाईंनी पदर पसरला.