मिठागराच्या वहीतली अष्टमी

आर्थिक इतिहासात पीएच.डी. करणाऱ्या बाईला लोक दोनच प्रश्न विचारतात. "म्हणजे नेमकं काय?" आणि "त्याचा उपयोग काय?" माझ्या सासरी पहिला विचारायचे, माहेरी दुसरा. मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत मी शेअर बाजाराचं काहीतरी शिकवते असा पक्का समज होता. तळमजल्यावरचे गुजराती काका जिन्यात गाठून विचारायचे, "बेन, अभी क्या लेने का?" मी सांगायची, "काका, मी मिठाचा इतिहास शिकतेय." त्यावर ते फार दयाळूपणे हसायचे.

दोन हजारच्या दशकाची मधली वर्षं ती. आमच्या घरी इंटरनेट नव्हतं. दर सोमवारी कॉलेजातून परतताना मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत अर्धा तास बसायची. आर्थिक आणि व्यापारी इतिहासाच्या अभ्यासकांसाठी एक यादी त्या दिवशी ई-मेलने येई. कुठे परिषद आहे, निबंधाचा गोषवारा कधीपर्यंत पाठवायचा, प्रवासखर्चाला निधी कोण देतंय, तीन महिन्यांची अभ्यासवृत्ती कुठे आहे. नवरा म्हणायचा, "स्थळांची यादी वाचावी तशी वाचतेस." खरंच होतं ते. मलाही कुठेतरी पसंत पडायचं होतं.

एका सोमवारी मनाजोगतं स्थळ आलं. युरोपातल्या एका बंदराच्या गावी परिषद होती. विषय होता कष्टकऱ्यांचे कामाचे आणि सुट्टीचे दिवस. विमानाचं तिकीट आणि राहणं त्यांच्याकडे, पण हा निधी पस्तिशीच्या आतल्यांसाठी होता. मी चौतीस पूर्ण केली होती. म्हणजे याच वर्षी, नाहीतर कधीच नाही.

आणि माझ्याकडे त्यासाठी अगदी चपखल साधन होतं. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातले कारकून भाईंदरजवळच्या राई गावचे. त्यांचे आजोबा भाईंदरच्या मिठागरावर मुकादम होते आणि त्यांनी दोन हंगामांची रोजनिशी मोडी लिपीत लिहून ठेवली होती. कारकुनांनी ती धुतलेल्या पंच्यात गुंडाळून माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. रोज एकदोन ओळी. तिथी, वाऱ्याची दिशा, खाडीचं पाणी घेण्यासाठी किती दारं उघडली. आणि मधेमधे, दर पंधरवड्याला, न चुकता: "अष्टमी. काम नाही." "नवमी. काम नाही."

मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघितलं. शुद्ध अष्टमीला दुर्गाष्टमी, वद्य अष्टमीला कालाष्टमी. झालं! मजुरांनी देवाच्या नावाने आपली सुट्टी राखली आणि मालकांना ती मान्य करावी लागली, असा सिद्धांत मी दोन रात्रींत उभा केला. आमच्या घरी तिथी म्हणजे उपास किंवा सण, तिसरं काही असतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. गोषवारा पाठवला, तो स्वीकारला गेला, निधीही मंजूर झाला. मी सोसायटीत पेढे वाटले. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणं म्हणतात ते हेच.

पेढ्यांचा एक पुडा घेऊन राईला गेले तेव्हा परिषदेला दोन महिने उरले होते. तोवर मी तिथे एकदाही गेले नव्हते. दिल्लीच्या दप्तरखान्यात आठ दिवस काढून आले होते, पण भाईंदरहून सुटणाऱ्या बसने जेमतेम अर्ध्या तासावर असलेल्या राईला जायला मला वेळ झाला नव्हता. काखेत कळसा नि गावाला वळसा.

कारकुनांची आई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. सत्तरीच्या पुढची, काटक, डोळे बारीक करून बघणारी. लग्न होऊन आल्यापासून मिठागर बंद पडेपर्यंत तिने तिथे काम केलं होतं. मी पेढे दिले आणि सहज विचारलं, "मावशी, अष्टमीला तुम्ही सगळेच उपास करायचात का?"

"कसला उपास?"

"मिठागर बंद असायचं ना, देवीचं म्हणून."

तिने सुकटीतून हात काढला. माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे. "ही कालेजात शिकवते ना रं?" असं तिने त्याला विचारलं आणि मग मला म्हणाली, "अगं बाय, अष्टमीला भांग असतो. भरतीला जोरच न्हाय. पानी दारापोतर येतच न्हाय, मंग दार उघडून काय वारा घ्यायचा? पुनवेला नि अवसेला उधान येतं, तवा पानी घेत्यात. देवीचा काय संबंध?"

समुद्राची भरती चंद्रावर चालते हे मी शाळेत पाठ केलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. मुकादम तिथी लिहीत होता कारण तिथी हेच त्याचं पाण्याचं वेळापत्रक होतं. मी उंटावरून शेळ्या हाकत त्याच्या मजुरांना उपासाला बसवलं होतं.

घरी येऊन मी नवऱ्यावर चिडले, कुकरवर चिडले. खरं सांगायचं तर दोन दिवस मी गप्प बसायचा विचार करत होते. तिथे कोणाला कळणार होतं? युरोपातल्या त्या सभागृहात भांग आणि उधाण जाणणारं कोण असणार? मग आठवलं की ते बंदराचं गाव आहे. पण तेवढंच कारण नव्हतं. मावशीने मला जे ओट्यावर बसून फुकट दिलं होतं ते दडवून जाणं मला जमेना. तिसऱ्या दिवशी सायबर कॅफेत जाऊन परिषदेच्या अध्यक्षबाईंना लिहिलं: माझा सिद्धांत चुकीचा आहे, कारण असं असं आहे, नवा निबंध देऊ शकते.

उत्तर यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत कॅफेवाला मला बघितलं की न विचारता मान हलवायचा, "नहीं आया, मॅडम."

आलं ते पत्र मी अजून जपून ठेवलंय. निधी मंजूर गोषवाऱ्याला दिलेला असतो, त्यामुळे नियमाने तो रद्द व्हायला हवा, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं की स्वतःची चूक स्वतः कळवणारं पत्र त्यांना क्वचितच येतं, म्हणून दोन परीक्षकांना त्यांनी विनंती केलीय. दहा दिवसांत नवा निबंध आला तर ते वाचतील. कोण कुठली मी! मला कधी न बघितलेल्या माणसांनी माझ्या मिठागरासाठी आपले रविवार द्यायची तयारी दाखवली होती. या धंद्यात मत्सर आणि हेवेदावे मी पुष्कळ बघितलेत, पण त्या पत्राने मला जे दिलं ते अजून पुरतंय.

दहा दिवसांतले सहा मी राईत काढले. मावशीचं सांगणं खरं असलं तरी एका निरक्षर बाईच्या आठवणीवर परीक्षक विश्वास ठेवतील का, ही धास्ती होती. म्हणून मी तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं. आता लिहिताना लाज वाटते, पण ठरवलं खरं. वहीतली तिथी बोटाने झाकायची आणि पुढची ओळ वाचायची.

"तीन दारं उघडली. पाणी जोरात."

"बीज. न्हायतर तीज."

बोट काढलं. द्वितीया.

"एक दार. पाणी थोडं."

"पंचमी-षष्ठी. उधान उतरलं."

षष्ठी. मी वाचत गेले, ती सुकट निवडत सांगत गेली. चाळीसेक नोंदी झाल्या, एकच चुकली. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही षष्ठी म्हणालात, इथे मात्र सप्तमी लिहिलीय." ती शांतपणे म्हणाली, "दुसऱ्या दिशी लिवलं असंल. सासरा कदी कदी आळस करायचा." पुढचं पान बघितलं तर तिथे दोन दिवसांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच दमात उतरवलेल्या. मी हात जोडले. मोडी वाचायला शिकायला मला दोन वर्षं लागली होती आणि ही बाई अक्षर न ओळखता वही दुरुस्त करत होती.

ही सगळी परीक्षा मी निबंधात जशीच्या तशी लिहिली. एका परीक्षकाने लगेच होकार दिला, दुसऱ्याने तीन प्रश्न विचारून दिला. निधी कायम राहिला. कॅफेवाल्याने प्रिंट काढून दिली आणि स्वतःच म्हणाला, "आ गया ना!"

निघायच्या आदल्या दिवशी राईला जाऊन मी मावशीला निबंध मराठीत वाचून दाखवला. तिने मान डोलावत ऐकला. उधाण, भांग, दारं, सगळं ठीक होतं. शेवटाकडे एक वाक्य होतं: भांगाच्या दिवशी काम नसल्यामुळे मजूर घरी राहत.

"कोन घरी राहत?"

"तुम्ही. मजूर."

"आमी कशाला घरी राहू? पानी न्हाय तवाच तर बांधाच्या डागडुजीला हात लावता येतो. भांगाच्या दिशी आमी बाया चिखल वाहायच्या. डोक्यावर टोपली, सकालपासून. पाय सोलून निघायचे. त्याच्यापरीस मीठ ओढनं बरं."

"पण वहीत 'काम नाही' लिहिलंय."

"वही सासऱ्याची. त्याचं काम पान्याचं. पानी न्हाय, त्याला काम न्हाय." ती सहज बोलत होती, तक्रार नव्हतीच. "आमचं लिवायला कोन होतं?"

आता अध्यक्षबाईंना लिहायला वेळ नव्हता. छापलेला निबंध तसाच घेऊन मी विमानात बसले. सभागृहात माझी वीस मिनिटं आली तेव्हा तो मिटून ठेवला आणि तोंडीच सांगितलं. आधी मी मजुरांना उपासाला बसवलं, मग घरी बसवलं; त्या दोन्ही वेळी बांधावर बायका चिखल वाहत होत्या. आणि हे मला कोणी सांगितलं तेही सांगितलं.

मग खूप हात वर झाले. पाण्याबद्दल कोणीच विचारलं नाही, सगळ्यांना त्या बायकांबद्दल विचारायचं होतं. पहिल्या रांगेतल्या अध्यक्षबाईंनी प्रश्न अगदी साधा केला: दोन हंगामांत असे दिवस किती होते?

मी माझी टिपणं उघडली. दारांची प्रत्येक नोंद मी टिपून घेतली होती. "काम नाही" लिहिलेली पानं मात्र रिकामी समजून मी भराभर उलटली होती.