तीन मतांची रजा

बारा-बारा तास एका खोलीत बसलं की किस्से आपोआप साठतात. सौदीतल्या जुबैलच्या प्लँटवर आमच्या कंट्रोल रूममधले निम्मे किस्से मतदानाचे, कारण तेच आमच्या नशिबात नाही! आधीच सांगतो, मी जळका माणूस आहे. दुसऱ्याकडे जास्त काही दिसलं की मला चहा गोड लागत नाही.

*

भालेराव पुण्याचा, सावंत मुंबईचा. एकदा भालेराव म्हणाला, "महापालिकेला आम्हाला चार मतं. एका प्रभागात चार नगरसेवक!"

सावंतचा चेहरा पडला. मुंबईत वॉर्डाला नगरसेवक एक, मत एक. मी रत्नागिरीकडच्या खेड्यातला. आमच्या ग्रामपंचायतीला सरपंचाचं एक आणि वॉर्डातल्या दोन सदस्यांची दोन, अशी तीन. सावंतच्या पुढे असल्याचा आनंद झाला, पण भालेराव माझ्या पुढे, हे काही केल्या पचेना.

शेवटी सावंत म्हणाला, "चार-चार जण निवडता, तरी खड्डे आमच्याएवढेच ना?"

त्या दिवशी सावंतला शावरमा माझ्याकडून.

*

मग आला ग्लेन. अमेरिकन, आमचा सेफ्टीवाला. त्याची मतपत्रिका ईमेलवर यायची. एका सकाळी प्रिंटरमधून पानं निघतायत, निघतायत, थांबेचनात! मला वाटलं प्लँटचं मॅन्युअल असेल. बघतो तर न्यायाधीश, शाळेचं मंडळ, पाण्याचं मंडळ, डास निर्मूलनाचं मंडळ! वर प्रश्न वेगळे: वाचनालयासाठी कर वाढवायचा का? हो की नाही?

"हे सगळं तू एकटा ठरवतोस?" मी विचारलं.

"छे! निम्मं कोरं सोडतो. एवढ्या लोकांना ओळखतं कोण?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठ वर्षांत माझी सुट्टी आणि गावचं मतदान एकदाही जुळलं नव्हतं, आणि हा भरल्या ताटावरून उठतोय!

*

डासांच्या मंडळाला दोन उमेदवार होते, एक बाई आणि एक बुवा. ग्लेन जेवायला गेला तेव्हा आम्ही तिघांनी मोबाईलवर दोघांची माहिती वाचून काढली. ज्या गावात आम्ही जन्मात जाणार नाही, तिथल्या डासांवरून अर्धा तास भांडण! मग गुप्त मतदान घेतलं. बाई दोन विरुद्ध एक अशा निवडून आल्या.

भालेराव दोन दिवस आमच्याशी बोलला नाही.

*

गावची निवडणूक लागली आणि मला राहवेना. अर्ज घेऊन आमचे सौदी मॅनेजर अबू खालिद यांच्याकडे गेलो.

"लग्न आहे?"

"नाही."

"कुणी गेलं?"

"नाही साहेब, मतदान आहे. माझी तीन मतं आहेत."

"एकट्याची तीन?" त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि सही ठोकली. "खलास, ठरलं. एका मताला दोन दिवस. सहा दिवस जा."

बातमी फुटली. पुण्यात निवडणुकीचा पत्ताही नव्हता, तरी भालेराव आठ दिवसांचा अर्ज घेऊन आत शिरला. सावंत दोन दिवसांत मुंबईला जाऊन येता येतं का, ते मोबाईलवर बघत बसला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर कुणीतरी जळत होतं. काय सांगू, फार बरं वाटलं!

*

मतदानाच्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बायकोबरोबर, शाहीनबरोबर, शाळेच्या रांगेत उभा राहिलो. आमचा नंबर आला. यादीत तिचं नाव होतं. माझं नव्हतं.

टेबलामागच्या माणसाने कागद उलटसुलट केले. "इब्राहिमभाई, तुमचं नाव वगळलंय. कायमचे स्थलांतरित."

मी बाजूला झालो. शाहीन आत गेली, बोटाला शाई लावून, तीन बटणं दाबून बाहेर आली. तिच्या त्या बोटाकडे बघून मी असा जळलो, की ग्लेनवरही कधी जळलो नव्हतो.

घराकडे चालताना म्हटलं, "सोडणार नाही त्याला. नाव कापायला कुणी सांगितलं, ते शोधूनच काढतो."

"मी सांगितलं," शाहीन म्हणाली.

मी थांबलो.

"शाळेतले मास्तर मतदारयादी तपासायला घरी आले होते. विचारलं, तुमचे मिस्टर इथं राहतात का?"

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, नाही."